शुल्कपत्रक वाचताना

1995 साली पिंपरीला, तेव्हाच्या टेल्कोच्या आवारात, मर्सिडीज-बेंझच्या मोटारींची जुळणी सुरू झाली. मोटारींमागून जर्मन अधिकारी आले आणि त्यांच्यामागून त्यांची बिऱ्हाडं. या मंडळींचा पुण्यातला मुक्काम दोन-तीन वर्षांचा. पुढची बदली ब्राझीलला की दक्षिण आफ्रिकेला, हे त्यांनाही ठाऊक नसायचं. अशा घरातल्या आठ वर्षांच्या मुलीला पुण्यात कुठे घालायचं? हुजूरपागेत मराठी माध्यम, कॅम्पातल्या शाळांमध्ये आयसीएसई. शाळा उत्तमच, पण तिथलं प्रगतिपुस्तक घेऊन साव पावलोत कोण विचारणार? 1998 मध्ये मर्सिडीज-बेंझ इंटरनॅशनल स्कूल सुरू झालं ते या अडचणीवरचा तोडगा म्हणून. हिंजवडीची तीच शाळा पुढे महिंद्रा इंटरनॅशनल स्कूल झाली.

या प्रकारच्या शाळा मुळातच फिरस्त्यांच्या. राष्ट्रसंघात आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत नोकरीला आलेल्यांच्या मुलांसाठी 1924 मध्ये जिनिव्हात अशी शाळा निघाली, आणि त्याच शहरात 1968 मध्ये इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे आपण ज्याला आयबी म्हणतो ती संस्था उभी राहिली. देश बदलला तरी मुलाची बारावी बदलू नये, एवढाच हेतू. भारतात आयबी पहिल्यांदा आली ती 1976 साली, कोडाईकनालला. केंब्रिजची आयजीसीएसई ही दहावीच्या पातळीवरची परीक्षा 1988 पासूनची.

हा इतिहास इथे सांगायचं कारण शुल्कपत्रक. आंतरराष्ट्रीय शाळेचं शुल्कपत्रक हातात घेतलं की मराठी पालक बिचकतो तो रकमेनं, आणि ते साहजिक आहे. पण त्याहून चमत्कारिक असते ती त्या कागदाची रचना. एकदाच भरायचं, परत न मिळणारं, भलंमोठं प्रवेशशुल्क, वेगळी अनामत, शाळा सोडायची तर एक सत्र आधी लेखी सूचना, नाहीतर अनामत जप्त, बस, जेवण, सहल सगळं शाळेमार्फतच. हे असं का, याचं उत्तर त्या पहिल्या गिऱ्हाइकात आहे. दर दोन वर्षांनी वर्गातली निम्मी मुलं बदलणार असतील तर इमारतीचा खर्च प्रत्येक नव्या मुलाकडून दारातच वसूल करावा लागतो. बदलीचं पत्र सत्राच्या मध्ये येणार असेल तर रिकाम्या बाकाची भरपाई आधीच राखून ठेवावी लागते. आणि मुख्य म्हणजे, हे पैसे आई-बाप भरत नव्हते. कंपनी भरत होती. जर्मन साहेबानं शुल्कपत्रक पुढे ढकललं की मनुष्यबळ विभाग सही करत असे. ज्याच्या खिशातून पैसे जात नाहीत त्याच्यासाठी आखलेला हा कागद आहे. आज तो वाकड, बाणेर, खराडीतल्या पगारदारापुढे येतो, आणि पैसे हा पगारदार भरणार आहे स्वतःच्या खात्यातून, तेही दोन वर्षं नव्हे, नर्सरीपासून धरली तर पंधरा वर्षं.

रकमेकडे जाण्याआधी एक गोष्ट उरकून घेऊ. पाटीवर 'इंटरनॅशनल' आहे म्हणून शाळा आयबीची किंवा केंब्रिजची असेलच असं नाही. पुण्यात या नावाच्या सीबीएसई शाळा आहेत, राज्य मंडळाच्याही आहेत. त्यात वाईट काही नाही, फक्त आपण कशाचे पैसे देतो आहोत हे माहीत हवं. आयबीच्या बाबतीत दोन पायऱ्या आहेत: उमेदवार शाळा आणि अधिकृत शाळा. उमेदवार म्हणजे अर्ज केलेली, तयारी चाललेली. मान्यता मिळेलच असं नाही, आणि या तयारीत काही वर्षं जातात. शिवाय मान्यता प्रत्येक टप्प्याला वेगळी. प्राथमिक टप्प्याची आहे म्हणून अकरावी-बारावीच्या डिप्लोमाची आहे असं समजू नये. आयबीच्या संकेतस्थळावर शाळेचं नाव घातलं की पाच मिनिटांत कळतं. केंब्रिजच्या शाळेला केंद्र क्रमांक असतो, तो विचारावा. आणि शाळा कुठल्याही मंडळाची असो, तिला अकरा आकडी यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला ओळखक्रमांक, असतोच. महाराष्ट्राचा संकेतांक 27 आणि पुणे जिल्ह्याचा 25, त्यामुळे आपल्याकडच्या शाळेचा क्रमांक 2725 नेच सुरू होतो. क्रमांक सांगताना कार्यालय अडखळलं तर आपणही तिथंच थांबावं.

आता रक्कम. पुण्यात या नावाखाली वर्षाला लाख-सव्वा लाख घेणाऱ्या शाळा आहेत आणि दहा लाखांच्या पुढे जाणाऱ्याही. दोन टोकांत इतकं अंतर असताना सरासरी सांगण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा कुठल्याही एका शाळेची रक्कम घेऊन ती पुढे कशी सरकते हे पाहू.

समजा, पहिलीला वर्षाचं शुल्क तीन लाख रुपये आहे. पालक मनातल्या मनात बाराने गुणतो: छत्तीस लाख. जड आहे, पण दोघांच्या पगारात बसेल, असं घरात ठरतं. आता यात दर दोन वर्षांनी 15 टक्के वाढ धरा. तिसरीला शुल्क होतं 3 लाख 45 हजार. पाचवीला जवळजवळ चार लाख. सातवीला साडेचार लाखांच्या पुढे, नववीला सव्वापाच लाखांच्या आसपास आणि अकरावी-बारावीला दरवर्षी सहा लाख. बारा वर्षांची बेरीज साडेबावन्न लाख भरते, छत्तीस नव्हे. आणि हे सरळ चढत गेलं तर. प्रत्यक्षात बऱ्याच शाळांत अकरावीला नवा टप्पा लागतो: डिप्लोमाचे शिक्षक वेगळे, प्रयोगशाळा वेगळी, म्हणून शुल्काची पायरीच उंच. त्यावर परीक्षेचं शुल्क स्वतंत्र, तेही परकी चलनात ठरणारं, म्हणजे रुपया घसरला की वाढणारं. बस, जेवण, गणवेश, लॅपटॉप आणि परदेशी सहल अजून यात आलेलीच नाही. सहल ऐच्छिक असते, असं शाळा सांगते. वर्गातली सगळी मुलं निघाली असताना आपल्या मुलाला घरी ठेवणं किती ऐच्छिक असतं ते पालकांना विचारा.

त्यामुळे शाळेत विचारायचा प्रश्न 'फी किती' हा नाही. चालू वर्षाचं पहिलीपासून बारावीपर्यंतचं प्रत्येक इयत्तेचं शुल्क आणि गेल्या तीन-चार वर्षांत ते कसकसं वाढलं, हे दोन कागद मागायचे. पहिला कागद शाळा देते. दुसरा मागितला की समुपदेशक बाईंचं हसू किंचित मावळतं, पण तोच महत्त्वाचा.

पंधरा टक्के हा आकडा मी उगाच घेतला नाही. 'दोन वर्षांतून एकदा, पंधरा टक्के' हे सूत्र पुण्यातल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांत कायद्याचं कलम असल्यासारखं फिरतं. मूळ कायदा जरा वेगळा आहे. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम 2011 सालचा. अंमलात आला डिसेंबर 2014 मध्ये. तो सगळ्या मंडळांच्या खासगी शाळांना लागू आहे, पाटीवर कुठलाही देश असला तरी. शुल्क ठरवायचा अधिकार त्यानं एकट्या व्यवस्थापनाकडे ठेवलेला नाही. पालक-शिक्षक संघातून कार्यकारी समिती बनते. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष, उपाध्यक्ष पालकांमधून, आणि प्रत्येक इयत्तेतून एक पालक, एक शिक्षक. पालकांची निवड इच्छुकांतून सोडत काढून. व्यवस्थापनानं शैक्षणिक वर्षाच्या सहा महिने आधी पुढच्या शुल्काचा प्रस्ताव या समितीपुढे ठेवायचा, हिशेबासकट. समिती जे मंजूर करेल ते दोन वर्षं बांधील. समितीनं मान्य केलेला आकडा आणि व्यवस्थापनानं मागितलेला आकडा यांत 15 टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर प्रकरण विभागीय शुल्क नियामक समितीकडे जातं. तिचे प्रमुख निवृत्त जिल्हा न्यायाधीश असतात. म्हणजे पंधरा टक्के ही वाढीची परवानगी म्हणून कायद्यात आलेली नाही, ती वादाची रेघ म्हणून आली आहे. 2018 च्या दुरुस्तीनं आणखी एक अट घातली: वाढीविरुद्ध पालकांना तक्रार करायची तर एकूण पालकांपैकी 25 टक्के एकत्र यायला हवेत.

ही अट कागदावर लहान दिसते. बाराशे मुलांच्या शाळेत ती साधारण तीनशे सह्यांची होते. ज्या शाळेत पालक एकमेकांना फक्त बसथांब्यावर ओळखतात, ज्यांच्यात निम्मे दर दोन वर्षांनी बंगळुरूला किंवा बर्लिनला जातात, तिथे तीनशे सह्या गोळा करणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. दूधवाल्याशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालणारा पुणेकर शाळेच्या दारात गप्प होतो, कारण मूल आत बसलेलं असतं. माझं मत विचाराल तर या कायद्यातली सगळ्यात कामाची जागा तक्रारीची नाहीच, ती सोडतीची आहे. वर्षाच्या सुरुवातीला पालक-शिक्षक संघाची चिठ्ठी येते, ती बहुतेक घरांत फ्रीजवर चिकटून राहते. ज्याला ताळेबंद वाचता येतो अशा पालकानं त्या सोडतीत नाव टाकावं. प्रस्ताव आणि हिशेब पाहण्याचा हक्क असलेली खुर्ची तीच आहे. मंजूर शुल्क शाळेच्या फलकावर लावायला हवं, मराठीतही, हाही कायद्याचाच भाग. फलक पाहायला मात्र शाळेत आत जावं लागतं.

शुल्काचा आकडा दगडावरची रेघ नसतो, हे करोनाच्या काळात दिसलं. मे 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजस्थानातल्या शाळांच्या खटल्यात 15 टक्के सवलतीचा निकाल दिला, आणि त्याच धर्तीवर ऑगस्टमध्ये महाराष्ट्र सरकारनं त्या वर्षाच्या शुल्कात 15 टक्के कपातीचा निर्णय काढला. कुणी पुढच्या हप्त्यात वळतं केलं, कुणी ताणून धरलं. पण बंद बस, बंद तरणतलाव, बंद प्रयोगशाळा यांचे पैसे कशाला, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं विचारला गेला, आणि शुल्कपत्रकाच्या एकेका ओळीवर बोट ठेवायची सवय पालकांना लागली.

त्या ओळींपैकी दोन नीट पाहाव्यात. पहिली, प्रवेशशुल्क आणि अनामत यांतला फरक. अनामत परत मिळते, बिनव्याजी, अटींवर. प्रवेशशुल्क गेलं ते गेलं. काही शाळा दोन्ही एकाच आकड्यात सांगतात. पावती मात्र वेगवेगळी मागावी. दुसरी, 'विकास निधी', 'देणगी' अशा नावानं मागितलेली रक्कम. प्रवेशाच्या बदल्यात देणगी घेणं महाराष्ट्रात 1987 च्या कायद्यानं आणि पुढे शिक्षण हक्क कायद्यानंही निषिद्ध आहे. हक्क कायद्यात दंड घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत आहे. मंजूर शुल्कात नसलेली रक्कम, पावती नसलेली रक्कम, किंवा शाळेऐवजी भलत्याच न्यासाच्या नावावर मागितलेली रक्कम दिसली की लेखी विचारावं. लेखी विचारल्यावर अर्धी उत्तरं बदलतात. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत दोन मुलांपर्यंत जी वजावट मिळते तीही निव्वळ शिकवणी शुल्कावर, दीड लाखांच्या एकूण मर्यादेत. विकास शुल्क आणि देणगी तिच्यात बसत नाही. पावतीवर शिकवणी शुल्क वेगळं छापलेलं असावं ते यासाठी.

हप्त्यांच्या योजना हल्ली शाळेच्या स्वागतकक्षातच मिळतात. तिथे सही केली की पालक शाळेचा देणेकरी राहत नाही, वित्तसंस्थेचा होतो. वर्षाच्या मध्ये शाळा सोडली तरी हप्ते चालू राहतात. एवढं समजून सही करावी.

अर्जाची वाट त्या मानानं सरळ आहे. चौकशीचा अर्ज, शाळेची फेरी, अर्जाचं शुल्क, मग 'इंटरॅक्शन', मग प्रवेशपत्र आणि ठरावीक दिवसांत पैसे भरण्याची तंबी. इंटरॅक्शन या प्रकाराबद्दल कायद्याची भूमिका स्वच्छ आहे: शिक्षण हक्क कायद्याचं तेरावं कलम प्रवेशावेळी मुलाची किंवा आई-बापांची चाळणी लावायला मनाई करतं. शाळा म्हणतात, ही चाळणी नव्हे, ओळख आहे. साडेतीन वर्षांच्या मुलाला रंग ओळखायला लावणं आणि आई-बापांना 'तुम्ही त्याला किती वेळ देता' असं विचारणं यात ओळख कुठे संपते ते ज्यानं त्यानं ठरवावं. वयाचा घोळ मात्र आधी सोडवून ठेवावा. राज्यात वय मोजण्याचा मानीव दिनांक 31 डिसेंबर आहे, म्हणजे त्या तारखेला नर्सरीला तीन वर्षं आणि पहिलीला सहा पूर्ण हवीत. आंतरराष्ट्रीय शाळांची वर्षं बहुधा जुलै-ऑगस्टपासून, आणि काहींच्या तारखा निराळ्या. आज वरच्या वर्गात बसवलेलं मूल उद्या राज्य मंडळात नेताना हा फरक आडवा येतो.

सगळ्या दारांवर मोठाच आकडा असतो असं नाही. मुळशीत, पौडजवळच्या डोंगरावर 1997 पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. पुण्याचे वास्तुरचनाकार क्रिस्तोफर बेनिंगर यांनी आखलेलं. इथे फक्त दोन वर्षांचा आयबी डिप्लोमा, वय साधारण सोळा ते एकोणीस, आणि अर्ज जातो युनायटेड वर्ल्ड कॉलेजेसच्या राष्ट्रीय समितीमार्फत. आधी निवड होते, मग कुटुंबाची ऐपत पाहून शिष्यवृत्ती ठरते. दहावीत असलेल्या होतकरू मुलाच्या घरानं शुल्काचा आकडा पाहून हा पर्याय खोडू नये.

शिक्षण हक्काच्या 25 टक्के जागा हाही एक दरवाजा. विनाअनुदानित शाळांना तो उघडावा लागतो; अल्पसंख्याक संस्था तेवढ्या वगळलेल्या. या मुलांपोटी सरकार शाळेला जी प्रतिपूर्ती देतं ती अलीकडच्या वर्षांत वर्षाला 17,670 रुपये होती, तीही रखडत मिळणारी. तीन लाख शुल्काच्या शाळेत या आकड्याचं काय स्वागत होत असेल ते सांगायला नको. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारनं, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयानं जुलैमध्ये ती रद्द केली.

आणि शिरूर तालुक्यात वाबळेवाडी आहे. जिल्हा परिषदेची शाळा, शुल्क नाही, तरी प्रवेशासाठी प्रतीक्षायादी लागल्याच्या बातम्या आल्या. 2018 मध्ये राज्यानं महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढून निवडक जिल्हा परिषद शाळा त्याला जोडल्या, त्यांत वाबळेवाडी होती. 2021 मध्ये सरकार बदललेलं होतं. मंडळच बरखास्त झालं. मंडळ तीन वर्षांत गेलं, त्याला जोडलेली मुलं शाळेतच होती. खासगी असो की सरकारी, नव्या मंडळाच्या पहिल्या काही तुकड्यांत मूल घालताना ही गोष्ट आठवावी.

शेवटी बाहेर पडण्याचं. आयबी डिप्लोमाला भारतीय विद्यापीठांत 1983 पासून मान्यता आहे, आयजीसीएसई आणि केंब्रिजच्याच बारावीच्या पातळीवरच्या ए लेव्हललाही ठरावीक विषय व श्रेणी असतील तर समकक्षता मिळते. अडचण वेगळीच, कॅलेंडरची. आयबीच्या मे महिन्यातल्या परीक्षेचा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो, ए लेव्हलचा ऑगस्टमध्ये. आपल्याकडे तोवर प्रवेशफेऱ्या सुरू झालेल्या असतात. केंब्रिजनं म्हणूनच भारतासाठी मार्चची परीक्षा ठेवली, निकाल मेमध्ये. मुलाला इथेच अभियांत्रिकीला किंवा वैद्यकीयला जायचं असेल तर नववीतच शाळेला विचारावं की मार्चची परीक्षा देता का, आणि वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेसाठी भौतिक, रसायन, जीवशास्त्र तिन्ही एकत्र घेता येतात का. आयबीच्या सहा विषयांच्या चौकटीत ते दरवेळी सहज बसत नाही. अभ्यासक्रमही निराळा, त्यामुळे शाळेच्या शुल्कावर शिकवणी वर्गाचं शुल्क चढतं. अकरावीच्या सहा लाखांत हे धरलेलं नव्हतं.

या शाळांतही मराठी विषय चुकत नाही. 2020 च्या कायद्यानं पहिली ते दहावी, सर्व मंडळांत, टप्प्याटप्प्यानं ती सक्तीची झाली.

आणि शाळा सोडल्याचा दाखला. फिरस्त्यांसाठी निघालेल्या शाळांच्या छापील नमुन्यात मुलाचं नाव, जन्मतारीख, उत्तीर्ण श्रेणी असते. जात, मातृभाषा, जन्मगाव-तालुका-जिल्हा हे रकाने असतीलच असं नाही. महाराष्ट्रात जातीचा दाखला आणि पुढची जात पडताळणी करताना शाळेच्या जनरल रजिस्टरातली नोंद मागितली जाते. प्रवेशाचा अर्ज भरताना हा रकाना नसेल तर नोंद कुठल्या रजिस्टरात होते हे विचारून घ्यावं आणि भरलेल्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत घरी ठेवावी. नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव जन्मदाखल्यावर आहे तसंच, त्याच क्रमानं लिहावं. नंतर दुरुस्ती करायला शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जावं लागतं, आणि तोवर मुख्याध्यापक बदललेले असतात.